कुंपण ओळखा, मग हात हलवा: फ्लाय-बाय-वायर विमान हाताने उडवताना

सिम्युलेटरमध्ये एअरबस ए३२० च्या खुर्चीत पहिल्यांदा बसलेला वैमानिक ऑटोपायलट सोडतो आणि लगेच साइडस्टिक, म्हणजे बाजूची नियंत्रणाची छोटी काठी, ढवळायला लागतो. उजवीकडे, डावीकडे, जरा मागे, पुन्हा उजवीकडे. विमान डुलतं, म्हणून तो आणखी ढवळतो. शेवटी शेजारून कुणीतरी म्हणतं, 'काठी सोड.' तो घाबरत घाबरत सोडतो आणि विमान जागच्या जागी शांत होतं. त्याला विमान उडवता येत नव्हतं असं नाही. आधीच्या विमानांवर कमावलेला हात इथे नको तिथे आडवा येत होता, एवढंच.

टाइप रेटिंगची, म्हणजे ठरावीक मॉडेल उडवण्याच्या परवान्याची, तयारी करणारे, घरच्या सिम्युलेटरवर तासन्‌तास बसणारे आणि विमान स्वतःला कसं सांभाळतं याचं कुतूहल असणारे, या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. आकडे मुख्यतः ए३२० कुटुंबाचे आहेत. दुसऱ्या मॉडेलमध्ये ते थोडे बदलतात. तुमच्या कंपनीचं मॅन्युअल आणि हा लेख यांत फरक दिसला, तर मॅन्युअल खरं धरायचं.

आधी तारेच्या पलीकडे काय आहे ते

जुन्या विमानात कॉलम, म्हणजे वैमानिकासमोरचा नियंत्रण-दांडा, ओढला की केबल आणि पुलींमधून ती ओढ मागच्या हायड्रॉलिक जॅकपर्यंत जायची आणि एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा पृष्ठभाग, हलायचा. हाताची हालचाल आणि पृष्ठभागाची हालचाल यांचं सरळ नातं होतं. कॉन्कॉर्डने विजेच्या तारांवरून, अॅनालॉग पद्धतीने हा संदेश नेला. तारांवरून हुकूम नेण्याच्या या पद्धतीला फ्लाय-बाय-वायर म्हणतात. २२ फेब्रुवारी १९८७ रोजी पहिलं उड्डाण केलेल्या ए३२० ने प्रवासी विमानांमध्ये पूर्ण डिजिटल पद्धत आणली. एअरबसचे अभियंता आणि चाचणी वैमानिक बर्नार झिग्लर यांनी हा आग्रह लावून धरला होता. वैमानिकांच्या संघटनांना तो तेव्हा फारसा रुचला नव्हता.

ए३२० मध्ये काठी आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये सात कम्प्युटर बसलेले आहेत. दोन इलॅक, तीन सेक आणि दोन फॅक. इलॅक प्रामुख्याने एलिव्हेटर आणि एलरॉन (विमान कलवणारे पंखाच्या टोकाकडचे पृष्ठभाग) पाहतात, सेक स्पॉयलर (पंखावर उठणाऱ्या फळ्या) पाहतात आणि गरज पडली तर एलिव्हेटरही चालवतात, फॅककडे रडरचं (शेपटीच्या उभ्या पृष्ठभागाचं) काम आणि वेगमर्यादांची गणितं असतात. इलॅक आणि सेक मुद्दाम वेगळ्या हार्डवेअरवर, वेगळ्या सॉफ्टवेअरने बनवले आहेत, म्हणजे एकाच चुकीने सगळे एकदम आडवे होऊ नयेत. शिवाय प्रत्येकाच्या आत दोन वाटा असतात: एक हुकूम काढते, दुसरी तिच्यावर लक्ष ठेवते. दोघींचं पटलं नाही की तो कम्प्युटर स्वतःहून बाजूला होतो.

या कम्प्युटरांच्या हाती दोन कामं आहेत. तुमच्या काठीचा अर्थ लावणं हे पहिलं. विमानाला सुरक्षित हद्दीबाहेर जाऊ न देणं हे दुसरं. कमीत कमी वेग, जास्तीत जास्त वेग, पंखावर येणारा भार, नाकाचा आणि कलण्याचा कोन यांनी आखलेल्या हद्दीला फ्लाइट एन्व्हलप म्हणतात. मी तिला सरळ कुंपण म्हणतो, कारण कुंपणाचे सगळे गुणदोष तिच्यात आहेत. ते आत ठेवतं, पण काही खांबांवर उभं असतं. इथले खांब म्हणजे विमानाच्या अंगावरचे सेन्सर.

पहिली पायरी: कोणतं कुंपण उभं आहे ते पडद्यावर वाचा

एअरबसमध्ये नियंत्रणाच्या नियमांना 'लॉ' म्हणतात. सगळं ठीक असताना नॉर्मल लॉ असतो, बिघाड वाढले की ऑल्टरनेट, त्याखाली डायरेक्ट, आणि सगळंच गेलं तर मेकॅनिकल बॅकअप. तुमची काठी तीच राहते, पण तिचा अर्थ लॉनुसार बदलतो. म्हणून काठीला हात लावण्याआधी समोरच्या मुख्य पडद्यावर, पीएफडीवर, नजर टाकायची.

नॉर्मल लॉमध्ये नाकाच्या आणि कलण्याच्या मापपट्टीवर जिथे कुंपण आहे तिथे हिरव्या जोड-रेघा दिसतात. संरक्षण गेलं की त्यांच्या जागी पिवळसर-नारिंगी फुल्या येतात. डायरेक्ट लॉमध्ये पडद्याच्या वरच्या भागात त्याच रंगात 'यूज मॅन पिच ट्रिम' असं उमटतं आणि मेकॅनिकल बॅकअपमध्ये लाल अक्षरात 'मॅन पिच ट्रिम ओन्ली'. रेघा की फुल्या, हे ओळखायला अर्धा सेकंद लागतो. गडबडीत मात्र नेमका हाच अर्धा सेकंद वाचवला जातो.

दुसरी पायरी: काठी म्हणजे हुकूम नव्हे, मागणी

नॉर्मल लॉमध्ये काठी पुढे-मागे केली की तुम्ही एलिव्हेटर हलवत नसता, 'जी'ची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेल्या भाराची, मागणी करत असता. काठी मध्यावर म्हणजे विमानाने सध्याचा मार्ग धरून ठेवायचा, एक जी. मागे ओढली की जास्त जी, विमान वर वळतं. सोडली की त्या नव्या मार्गावर पुढे जात राहतं. मागणी पुरी करायला एलिव्हेटर किती हलवायचा ते कम्प्युटर ठरवतो आणि मागचा स्टॅबिलायझरही, म्हणजे शेपटीचा आडवा पंखही, तोच ट्रिम करतो, म्हणजे सतत काठी न धरता नाक टिकेल असा बसवतो. आडव्या दिशेने काठी म्हणजे कलण्याच्या वेगाची मागणी, पूर्ण काठीला सेकंदाला साधारण १५ अंश. काठी मध्यावर आणली की असलेला कल तसाच राहतो.

यावरून हाताची पद्धत ठरते. मागा, थांबा, सोडा, पाहा. लहानशी मागणी द्यायची, हवा तो कोन येऊ लागला की काठी मध्यावर सोडायची आणि विमान स्थिरावताना नुसतं पाहायचं. हवेचा झोत आला आणि पंख जरा कलला, तर लगेच हात घालू नका. तुमच्या आधी कम्प्युटरने तो झोत ओळखलेला असतो. तुम्ही त्याच क्षणी उलट मागणी दिली, की त्याची दुरुस्ती आणि तुमची दुरुस्ती एकमेकींवर चढतात. सुरुवातीचं ढवळणं इथूनच येतं.

वळताना ३३ अंशांपर्यंत नाक वर धरण्यासाठी काठी मागे ओढावी लागत नाही, कम्प्युटर ती भरपाई करतो. ३३ च्या पुढे ही सवलत संपते. तिथे काठी बाजूला धरून ठेवावी लागते आणि मागेही ओढावी लागते. सोडली तर विमान स्वतःहून ३३ अंशांवर परत येतं. सिम्युलेटरमध्ये ४५ अंशांवर कलून काठी सोडून पाहा. एकदा पाहिलं की आयुष्यभर लक्षात राहतं.

टेक-ऑफ थोडं वेगळं. चाकं जमिनीवर असताना काठी आणि पृष्ठभाग यांचं नातं सरळ असतं. नाक उचलताना सेकंदाला साधारण ३ अंशांच्या गतीने एकसलग १५ अंशांकडे न्यायचं. जमीन सुटल्यावर जी-मागणीचा नियम हळूहळू मिसळतो. या संक्रमणात हात हलका ठेवायचा. बाजूच्या वाऱ्यात काठी वाऱ्याकडे दाबून धरायची जुनी सवय इथे सोडावी लागते. काठी बाजूला जास्त गेली की त्या पंखावरचे स्पॉयलर उठतात, वर चाकं सुटताक्षणी तीच काठी कलण्याची मागणी होते.

आता या सोयीची किंमत. जुन्या विमानात वेग कमी झाला की नाक आपोआप खाली झुकायचं आणि हाताला ते जाणवायचं. कॉलमच सांगायचा, 'वेग बघ.' एअरबसच्या नॉर्मल लॉमध्ये विमान मार्गाला चिकटून राहतं, वेगाला नाही. वेग घसरला तरी ऑटोट्रिम नाक सांभाळतो आणि हाताला काहीच कळत नाही. ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, चालू असताना थ्रस्ट लिव्हरही जागचे हलत नाहीत. हाताला मिळणाऱ्या दोन बातम्या गेल्या, त्या डोळ्यांनी भरून काढायच्या. वेगाची पट्टी आणि एफएमए, म्हणजे कोणत्या यंत्रणा चालू आहेत ते दाखवणारी पडद्याच्या वरच्या कडेची ओळ, यांवर नजर फिरत राहिली नाही तर हे विमान अतिशय सभ्यपणे तुम्हाला कुंपणापर्यंत नेऊन सोडतं.

तिसरी पायरी: वेगाच्या पट्टीचं तळ वाचायला शिका

कुंपणाची सगळ्यात महत्त्वाची बाजू ही आहे, म्हणून इथे थांबू. पंख ज्या कोनात समोरच्या हवेला भिडतो त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात, बोलताना अल्फा. अल्फा एका मर्यादेपलीकडे गेला की पंखावरची हवा सुटते आणि विमान स्टॉल होतं. नाक आकाशाकडे असो की जमिनीकडे, वेग कितीही असो, स्टॉल ठरतो अल्फावरून. जी वाढवली की तोच स्टॉल जास्त वेगालाही होतो.

पीएफडीवरच्या वेगपट्टीत खालून वर पाहा. सर्वांत खाली लाल पट्टा, त्याचं वरचं टोक अल्फा मॅक्स. त्यावर काळी-पिवळसर नक्षी, तिचं वरचं टोक अल्फा प्रोट. त्याच्याही वर पिवळसर रेघ, तिचं टोक म्हणजे व्हीएलएस, निवडता येणारा सर्वांत कमी वेग. ऑटोथ्रस्ट चालू असेल तर तो व्हीएलएसखाली जात नाही. नक्षीची टोकं जागची स्थिर नसतात, हे विसरू नका. अल्फा मोजून ती त्या त्या क्षणाच्या वेगात रूपांतरित केलेली असतात, म्हणून जी ओढलीत की ती वर उसळतात.

वेग अल्फा प्रोटखाली गेला की काठीचा अर्थच बदलतो. आतापर्यंत ती जी मागत होती, आता ती थेट अल्फा मागते. काठी सोडलीत तर विमान अल्फा प्रोटवर येऊन थांबतं. पूर्ण मागे ओढलीत तर अल्फा मॅक्सवर, त्यापुढे नाही. नाक वर करणारा ट्रिम गोठतो, स्पीडब्रेक, म्हणजे वेग कमी करायला उघडलेले स्पॉयलर, बाहेर असतील तर आत जातात. अल्फा प्रोट आणि अल्फा मॅक्स यांच्या मध्ये कुठेतरी अल्फा फ्लोअर जागा होतो. ऑटोथ्रस्ट बंद असला तरी इंजिनं पूर्ण ताकदीवर जातात. एफएमएवर 'ए फ्लोअर' येतं आणि धोका सरल्यावर 'टोगा एलके' (टोगा म्हणजे टेक-ऑफची पूर्ण ताकद, एलके म्हणजे लॉक). ही ताकद कुलूपबंद असते, ऑटोथ्रस्ट तोडल्याशिवाय सुटत नाही. नवखे लिव्हर मागे ओढत बसतात आणि वेग धावत सुटतो.

याचा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो तो डोंगर समोर आल्याच्या इशाऱ्यात. नॉर्मल लॉमध्ये 'पुल अप' ऐकू आलं की टोगा ताकद आणि काठी पूर्ण मागे, तिथेच धरून ठेवायची. स्टॉलच्या कडेवर नाजूकपणे तोल सांभाळण्याचं काम कम्प्युटर करतो, तुम्ही फक्त ओढून धरता.

पण कुंपण ऊर्जा निर्माण करत नाही. २६ जून १९८८ रोजी फ्रान्समधल्या आब्सहाइमच्या छोट्या विमानतळावर नवाकोरा ए३२० प्रदर्शनासाठी फार खालून आणि फार हळू नेला गेला. इंजिनं निष्क्रिय ताकदीवर होती, पुढे झाडं होती. अल्फा फ्लोअर १०० फुटांखाली मिळतच नाही. वैमानिकाने काठी मागे ओढली, विमानाने स्टॉल होऊ दिला नाही, पण वर चढायला लागणारी ताकद इंजिनांत वेळेवर आली नाही. तिघांचा जीव गेला. याउलट १५ जानेवारी २००९ ला दोन्ही इंजिनं गमावलेला ए३२० हडसन नदीवर उतरला, तेव्हा शेवटच्या टप्प्यात वेग अल्फा प्रोटच्या पट्ट्यात उतरला होता आणि काठी मागे होती. कॅप्टन सलनबर्गर यांनी सुरुवातीलाच एपीयू, म्हणजे वीज देणारं शेपटीतलं छोटं इंजिन, चालू केला होता, म्हणून वीज टिकली आणि नॉर्मल लॉही टिकला. सगळे १५५ जण वाचले. कुंपण दोन्ही वेळा उभं होतं. मला विचाराल तर एपीयूच्या त्या एका बटणाबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

बाकीच्या बाजू, थोडक्यात

कल ६७ अंशांपर्यंतच जातो. हा आकडा हवेतून आलेला नाही: ६७ अंशांवर उंची राखून वळायला साधारण अडीच जी लागतात आणि फ्लॅप (कमी वेगासाठी पंखाच्या मागून बाहेर येणारे पट्टे) आत घेतलेले असताना भाराची मर्यादाही अडीच जीच आहे. फ्लॅप बाहेर असतील तर मर्यादा दोन जी. खालच्या बाजूला उणे एक, फ्लॅपसह शून्य. अल्फा प्रोट जागा असेल तर कल ४५ अंशांवर अडतो, अतिवेगात ४० वर. नाक वर ३० अंश, कमी वेगात त्याहून कमी. खाली १५. वेग ३५० नॉट किंवा माक ०.८२ (ध्वनीच्या वेगाच्या ०.८२ पट) च्या वर थोडा सरकला की कम्प्युटर स्वतः नाक वर घेऊ लागतो. काठी पुढे दाबून तुम्ही थोडं विरोध करू शकता, जिंकू शकत नाही.

रडरचं काय? पेडल किती फिरू शकतं हे वेगानुसार आवळलं जातं, पण डावं-उजवं-डावं असं उलटसुलट मारण्याविरुद्ध कुंपण गृहीत धरू नये. १२ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकन एअरलाइन्सचं ए३०० न्यू यॉर्कजवळ पडलं, ते अशाच आलटून पालटून मारलेल्या पूर्ण रडरमुळे. शेपटीचा उभा पंखच तुटला. ए३०० फ्लाय-बाय-वायर नव्हतं, पण पायांबद्दलचा नियम सगळ्यांना लागू आहे: इंजिन गेलं आणि बाजूच्या वाऱ्यात उतरणं, एवढ्यापुरतेच पाय वापरायचे.

बोइंगमध्ये बसलात तर

१९९५ मध्ये सेवेत आलेल्या ७७७ ची विचारसरणी वेगळी आहे. तिथे कुंपण नाही, दोरी आहे: ताणली जाते, हाताला जाणवते, पण जोर लावला तर ओलांडता येते. कॉलम तोच मोठा, दोन्ही बाजूंचे एकमेकांना जोडलेले, ऑटोपायलटवरही हलणारे. तीन प्रायमरी फ्लाइट कम्प्युटर आहेत आणि प्रत्येकात तीन वेगवेगळ्या प्रोसेसरच्या वाटा.

ट्रिम स्विच दाबला की हवेत स्टॅबिलायझर नाही तर संदर्भ-वेग बदलतो. त्या वेगापासून दूर गेलात की कॉलमवर दाब येतो, म्हणजे जुनी 'वेग बघ' ही बातमी मुद्दाम परत आणली आहे. फार हळू झालात तर नाक वर करणारा ट्रिम बंद होतो आणि कॉलम जड होतो, मग स्टॉलचा इशारा म्हणून कॉलम हलवणारा स्टिक शेकर थरथरतो. कल ३५ अंशांच्या आसपास गेला की कॉलमवरचं चाक उलट ढकलतं आणि सोडलं तर विमानाला ३० च्या आत आणतं. हे सगळं ताकदीने मोडता येतं. म्हणून डोंगराच्या इशाऱ्यात एअरबसची 'पूर्ण मागे आणि धरून ठेव' ही पद्धत इथे चालत नाही. पूर्ण ताकद, नाक २० अंशांकडे, आणि शेकर थरथरला की तिथेच थांबायचं.

कोणती पद्धत चांगली, हा वाद कँटीनमध्ये रंगतो. माझं मत एवढंच की एका पद्धतीचा हात दुसऱ्या विमानात घेऊन जाणं दोन्हींपेक्षा वाईट.

चौथी पायरी: शेवटचे ५० फूट

नॉर्मल लॉ जमिनीजवळ तसाच ठेवला, तर काठी सोडली तरी विमान मार्ग धरून ठेवेल आणि उतरणं कृत्रिम वाटेल. म्हणून ५० फुटांवर कम्प्युटर त्या क्षणीचा नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून पुढच्या ८ सेकंदांत नाक २ अंश खाली नेण्याचा प्रयत्न करतो. तुम्हाला काठी मागे घ्यावी लागते, कुठल्याही विमानात घ्यावी लागते तशी.

तर क्रम असा. ३० फुटांच्या आसपास एकच, सलग, मध्यम ओढ. २० फुटांवर 'रिटार्ड' ऐकू येतं, थ्रस्ट निष्क्रिय. बाजूचा वारा असेल तर याच वेळी रडरने नाक धावपट्टीशी सरळ करायचं आणि पंख उचलू पाहील त्याला काठीने हलकेच थोपवायचं. इथेही ढवळण्याचा मोह जोरात येतो. ओढ, सोड, पुन्हा ओढ असं केलंत की विमान तरंगतं किंवा आदळतं.

पाचवी पायरी: कुंपण पडलं की

ऑल्टरनेट लॉमध्ये पुढे-मागे काठी अजून जीच मागते आणि ऑटोट्रिम चालूच असतो, म्हणून हाताला सगळं पूर्वीसारखंच वाटतं. फसगत इथेच होते. भाराची मर्यादा शिल्लक असते, पण अल्फाचं कुंपण गेलेलं असतं. त्या जागी फार तर नाक हळूच खाली नेणारी एक ढुशी असते, काठीने सहज मोडता येणारी. आता विमान स्टॉल होऊ शकतं. आडव्या दिशेने काठी थेट एलरॉन-स्पॉयलर हलवते आणि विमान एकदम चपळ वाटतं, म्हणून निम्म्या हाताने उडवायचं. ए३२० मध्ये चाकं खाली घेतली की ऑल्टरनेटचा डायरेक्ट लॉ होतो. ऑटोट्रिम जातो, थ्रस्ट बदलला की नाक हलतं आणि ट्रिम-चाक हाताने फिरवावं लागतं. मेकॅनिकल बॅकअपमध्ये उरतं ते ट्रिम-चाक आणि रडर. हे उतरण्यासाठी नाही, कम्प्युटर परत मिळेपर्यंत विमान सरळ ठेवण्यासाठी आहे.

१ जून २००९ च्या रात्री रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स ४४७ या ए३३० च्या वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाच्या कणांनी काही काळ बुजल्या. वेगाची मापं विसंगत झाली, ऑटोपायलट सुटला, ऑल्टरनेट लॉ आला. काठी मागे ओढली गेली, विमान सुमारे ३८,००० फुटांवर चढलं आणि स्टॉल झालं. ओढ चालूच राहिली म्हणून ऑटोट्रिमने स्टॅबिलायझर ३ अंशांवरून सुमारे १३ अंशांपर्यंत नाक-वर नेऊन ठेवला. त्यात एक क्रूर तपशील: मोजलेला वेग ६० नॉटखाली गेला की अल्फाचं माप अवैध धरलं जाऊन स्टॉलचा इशारा बंद पडायचा आणि नाक खाली केलं, माप पुन्हा वैध झालं, की इशारा परत सुरू व्हायचा. योग्य हालचालीला ओरडा आणि चुकीच्या हालचालीला शांतता. २२८ जण गेले.

वेगाचा भरवसा गेला तर पाठ असलेला क्रम असा: ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट, फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे न्यायचं ते सुचवणाऱ्या पडद्यावरच्या रेघा), तिन्ही बंद. मग नाक आणि ताकद ठरलेल्या आकड्यांवर. टेक-ऑफनंतर ताकद कमी करण्याआधी १५ अंश आणि टोगा. त्यानंतर १०,००० फुटांपर्यंत १० अंश आणि क्लाइंब, म्हणजे चढण्याची ताकद. त्यावर ५ अंश आणि क्लाइंब. हे आकडे सुरक्षित उंची गाठेपर्यंतचे आहेत. विमान सावरलं की तक्त्यातले नेमके आकडे काढायचे. आकाशात उंचावर काहीच न करता तेच नाक आणि तीच ताकद धरून ठेवणं बहुतेक वेळा सर्वांत शहाणपणाचं असतं.

आणि स्टॉलच झाला, तर नाक खाली. आधी नाक, मग बाकी सगळं. अल्फा उतरेपर्यंत काठी पुढे, पंख सरळ, मग थ्रस्ट हळूहळू लागेल तसा, स्पीडब्रेक आत. जुन्या शिकवणीत आधी पूर्ण ताकद द्यायचे. पंखाखालच्या इंजिनांची ताकद नाक आणखी वर ढकलते, म्हणून तो क्रम बदलला गेला. उंची गमावायला जिवावर येतं. गमवावीच लागते.

सहावी पायरी: कुंपणच शेत खाऊ लागलं तर

खांब सडला की काय होतं? ५ नोव्हेंबर २०१४ ला बिल्बाओहून म्यूनिकला निघालेल्या लुफ्तान्साच्या ए३२१ ला वर चढताना तीनपैकी दोन अल्फा सेन्सर एकाच स्थितीत गोठले. कम्प्युटरने बहुमत मानलं आणि खरं बोलणाऱ्या तिसऱ्याला बाजूला काढलं. उंची आणि माक वाढेल तसं अल्फा प्रोटचं मूल्य खाली येतं. गोठलेलं माप त्याला येऊन भिडलं आणि निरोगी विमानाने स्टॉल होतोय असं समजून नाक खाली घातलं. काठी मागे ओढूनही हे पूर्ण थांबत नव्हतं. शेवटी चालक दलाने विमान जाणूनबुजून ऑल्टरनेट लॉमध्ये नेलं आणि ते सुखरूप उतरलं. त्यानंतर आलेल्या आणीबाणीच्या सूचनेचा गाभा असा: ओढूनही नाक खाली जातच असेल तर एकच एडीआर, म्हणजे वेगासारखी हवेची मापं पुरवणारा घटक, चालू ठेवून बाकीचे दोन बंद करा. दोन मापं गेली की कम्प्युटर नॉर्मल लॉ सोडतो आणि संरक्षणही सोडतो. कुंपण स्वतः पाडायचं, मोकळ्या रानात हाताने उडवायचं.

२७ नोव्हेंबर २००८ ला पर्पिन्यांजवळ उलटं घडलं. ए३२० च्या चाचणी उड्डाणात, आत शिरलेलं पाणी गोठून दोन सेन्सर अडकले होते आणि कमी वेगाचं संरक्षण तपासायला गेलेल्या चालक दलासाठी कुंपण उभंच राहिलं नाही. तोवर ऑटोट्रिमने स्टॅबिलायझर पूर्ण नाक-वर नेलेला. मग लॉ डायरेक्ट झाला आणि ट्रिम-चाकाला कुणी हात लावला नाही. तपासणीही कमी उंचीवर चालली होती. सातजण गेले. बोइंग ७३७ मॅक्समध्ये तर नाक आपोआप खाली नेणारा एमकॅस एकाच अल्फा सेन्सरचं ऐकायचा. २९ ऑक्टोबर २०१८ आणि १० मार्च २०१९ च्या दोन अपघातांत मिळून ३४६ जीव गेले. तिथला उपाय स्टॅबिलायझर ट्रिमचे कट-आउट स्विच हा होता, पण ट्रिम फार पुढे जाऊ देण्याआधी.

म्हणून विमान तुमच्या मागणीविरुद्ध वागलं तर प्रश्न या क्रमाने विचारा. नाकाचा कोन आणि ताकद पाहता हा वेग शक्य वाटतो का? वेगपट्टीतली लाल किंवा नक्षीदार टोकं विनाकारण वर सरकली आहेत का? दोन्ही बाजूंचे पडदे आणि स्टँडबाय, म्हणजे राखीव उपकरण, एकच बोलतात का? उत्तर जुळत नसेल तर खोटं बोलणारा सेन्सर आहे, विमान नाही.

सातवी पायरी: दोन काठ्या, एक हात

एअरबसच्या साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत. दोघांनी एकदम हलवल्या तर कम्प्युटर बेरीज करतो. एकाने पूर्ण मागे, दुसऱ्याने पूर्ण पुढे, उत्तर शून्य. 'ड्युअल इनपुट' असा आवाज येतो आणि समोर हिरवे दिवे लुकलुकतात. पण स्टॉलचा इशारा वाजत असताना तो आवाज दबून जातो.

२८ डिसेंबर २०१४ ला जावा समुद्रात पडलेल्या एअरएशियाच्या ए३२० मध्ये हेच झालं. दोन्ही फॅकची वीज गेली, ऑल्टरनेट लॉ आला, विमान झपाट्याने कललं. उजवीकडची काठी मागे ओढलेलीच राहिली, डावीकडून मधूनमधून नाक खाली नेण्याचा प्रयत्न झाला. कॅप्टनचा आदेश होता 'पुल डाउन'. ओढ की खाली? १६२ जण होते.

ताबा घेताना तोंडाने 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं आणि त्याच क्षणी काठीवरचं लाल बटण दाबून धरायचं. दाबलेलं असेपर्यंत दुसरी काठी मुकी होते, ४० सेकंद दाबून धरलं तर सोडल्यावरही मुकीच राहते. दुसऱ्याने हात काठीवरून उचलून मांडीवर ठेवायचा आणि 'यू हॅव कंट्रोल' म्हणायचं. सूचना द्यायची तर 'नाक खाली' किंवा 'काठी पुढे', ओढ आणि खाली एका वाक्यात नको.

सिम्युलेटरचा तास हाताशी असेल तर मी असा लावीन. १०,००० फुटांच्या वर नॉर्मल लॉमध्ये ४५ अंशांचं वळण, काठी सोडून. मग ऑटोथ्रस्ट बंद, थ्रस्ट निष्क्रिय, उंची धरून ठेवा आणि वेगपट्टीची टोकं मोठ्याने वाचत अल्फा फ्लोअरपर्यंत जा. 'टोगा एलके' तोडा. नंतर दोन एडीआर बंद करून तोच सराव ऑल्टरनेटमध्ये, या वेळी स्टॉलचा इशारा वाजताच नाक खाली. सर्वांत शेवटी चाकं खाली घ्या, डायरेक्ट लॉ येऊ द्या आणि ट्रिम-चाक हाताने फिरवत धावपट्टीवर उतरा. अर्ध्या वाटेत तुम्ही काठी मागे धरूनच बसला आहात आणि ट्रिम-चाक विसरला आहात, असं पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येकाचं होतं.